वॉटर गनचा पंप किंचाळतोय? तेल नका सोडू, आधी नीट ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढची मूठ मागेपुढे ओढून पंप मारायची मोठी वॉटर गन, चार महिने वापरलेली, मूठ ओढताना कर्कश किंचाळते, धार पूर्वीच्या निम्म्यावर आलीय, घरातलं तेल सोडलं तर दोन दिवस गप्प बसली आणि आता मूठ जड झालीय नि आवाज आणखी वाढलाय. उघडावी का, की टाकून द्यावी?

टाकू नका. मी बरीच वर्षं छोटे पंप दुरुस्त करतो, फवारणीचे, सायकलचे, गाडी धुवायचे, आणि त्यामुळे ओळखीतल्या सगळ्या पोरांच्या वॉटर गन आपोआप माझ्याकडेच येऊन पडतात. आतलं यंत्र तेच हो, फक्त रंगीबेरंगी. आणि तुमच्या वर्णनावरून नव्वद टक्के हे ओ-रिंगचं, म्हणजे आतल्या गोल रबरी कड्याचं दुखणं आहे, त्यात तेलाने भर घातलीय.

आधी तेलाचं सांगतो कारण ही चूक सगळेच करतात. खायचं तेल, केसांचं तेल, शिलाई मशीनचं तेल, जे हाताला लागेल ते. पहिले दोन दिवस मस्त वाटतं. मग वनस्पती तेल हवेने चिकट होत जातं, त्यात धूळ आणि बारीक वाळू अडकते, आणि नळकांड्याच्या आत सँडपेपरसारखी पेस्ट तयार होते. तुमची मूठ जड झाली ती याच्यामुळे. पेट्रोलियम जेलीचं वेगळं लफडं आहे, काही रबरांना ती चालते पण नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर तिच्यामुळे फुगतात, आणि तुमच्या गनमध्ये कुठलं रबर आहे हे बाहेरून कोणीच सांगू शकत नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको, त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं, वंगण नावाला उरतं, आणि काही प्लॅस्टिकवर त्याने बारीक केसासारख्या चिरा पडतात.

आता यंत्र कसं चालतं ते दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मुठीला जोडलेला दांडा, दांड्याच्या टोकाला दट्ट्या, दट्ट्याच्या खाचेत बसलेली रबरी ओ-रिंग, आणि हे सगळं एका गुळगुळीत नळकांड्यात सरकतं. दोन झडपा असतात, एक टाकीकडून पाणी आत घेणारी आणि एक पुढे ढकलणारी, दोन्ही एकाच दिशेने उघडतात. मूठ ओढली की पाणी आत, ढकलली की पाणी पुढे. साध्या पिचकारीत ते सरळ नोझलमधून बाहेर पडतं. मोठ्या प्रेशरवाल्या गनमध्ये मात्र पंप एका बंद टाकीत दाब साठवतो आणि ट्रिगर फक्त नळ उघडतो. दाबलेल्या हवेने पाणी फेकायची ही कल्पना लॉनी जॉन्सन या अमेरिकन इंजिनियरची, १९८२ मध्ये तो घरी हीट पंपावर प्रयोग करत होता, नोझल बाथरूमच्या नळाला जोडलं होतं, त्यातून जोराची धार सुटली आणि त्याच्या डोक्यात हे खेळणं आलं. बाजारात आलं १९९० मध्ये पॉवर ड्रेंचर नावाने, पुढच्या वर्षी त्याचं सुपर सोकर झालं. हे सांगायचं कारण इतकंच की दाब साठवायचा म्हणजे ओ-रिंग नळकांड्यात घट्ट बसायला हवी, आणि घट्ट रबर कोरडं झालं की ओरडणारच. बोटाने दाबायच्या साध्या छोट्या पिचकाऱ्या सहसा किंचाळत नाहीत, कारण तिथे तेवढा दाबच नसतो.

किंचाळणं म्हणजे नेमकं काय होतं? ओल्या बोटाने काचेच्या ग्लासच्या कडेवर घासून बघा. रबर नळकांड्याला चिकटतं, ओढ वाढली की सुटतं, परत चिकटतं, परत सुटतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. बाहेरचं पोकळ प्लॅस्टिक मग तबल्याच्या भांड्यासारखं घुमतं, म्हणून आत एवढीशी रिंग असून आवाज गल्लीभर जातो.

आता ऐकायचं काम. स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. मी स्वतः एकदा भाच्याची गन पूर्ण उघडली, पंप बाहेर काढला, रिंग बदलली, सगळं परत जोडलं, आणि आवाज तस्साच. शेवटी कळलं की किरकिर पंपाची नव्हतीच, बाहेरची मूठ ज्या खाचेवरून सरकते तिथे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासत होतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. दोन तास गेले, वर भाचा शेजारी बसून विचारत होता की मामा झालं का. तेव्हापासून पहिली टेस्ट हीच करतो: मूठ पंप न मारता नुसती डावी-उजवीकडे हलवायची, कडेने दाबायची, आणि ती सरकते त्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून परत मारून बघायचं. तेवढ्याने आवाज बदलला तर काम बाहेरच आहे, उघडायची गरजच नाही.

बाहेरचं नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक गनच्या अंगावर टेकवा आणि दांडा कानामागच्या हाडाला लावा, डॉक्टरच्या नळीसारखं. दुसऱ्याला हळूहळू पंप मारायला सांगा. हळू म्हणजे खरंच हळू, एक ओढ चार-पाच सेकंदांची, कारण जोरात मारलं की सगळे आवाज एकमेकांत मिसळतात आणि कोरड्या रिंगचं किंचाळणं वेग वाढला की कधी कधी गायबच होतं, मग माणूस म्हणतो आता तर बरोबर चालतेय. टोक पुढे-मागे सरकवत नेलं की आवाज कुठे सगळ्यात मोठा ते कळतं.

ओढताना आणि ढकलताना दोन्ही वेळा सारखंच किंचाळत असेल तर रिंग कोरडी किंवा मळलेली. प्रत्येक ओढीत एकाच जागी खर्रकन आवाज येत असेल तर नळकांड्यावर ओरखडा पडलाय किंवा दांडा वाकलाय. ओढीच्या अगदी शेवटी ठक्क होत असेल तर आतला रबरी थांबा निसटलाय किंवा झिजलाय, किंवा पोरगं फार जोर लावतंय, दुसरं कारण जास्त वेळा असतं. गुडगुड, फुर्र असा आवाज आणि धारेत मधे मधे हवा, म्हणजे आत घ्यायच्या नळीत कुठेतरी हवा शिरतेय, बहुतेक नळी तिच्या तोंडावरून सैल झालेली असते, किंवा टाकीत पाणीच कमी आहे हो, ते आधी बघा. आणि खूप पंप मारल्यावर बारीक फुस्स येत असेल तर तो बिघाड नाही, काही प्रेशरवाल्या गनमध्ये जादा दाब सोडायची झडप असते, ती तिचं काम करतेय. ती गोंद लावून बंद करणारा माणूस मी बघितलाय. तसलं काही करू नका, टाकी फुटते.

झडपांची एक खूण लक्षात ठेवा. मूठ ढकलून सोडून दिली आणि ती आपोआप मागे यायला लागली तर पुढची झडप धरत नाहीये, साठलेला दाब उलटा दट्ट्यावर येतोय. मूठ लोण्यासारखी सरकतेय पण पाणी पुढे जातच नाही तर आत घेणारी झडप उघडी राहिलीय, पाणी परत टाकीत जातंय. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, झडपेत अडकलेला वाळूचा एक कण. एका गनमध्ये मला गवताची काडी सापडली होती, नखाएवढी, झडपेच्या रबरी पाकळीखाली आडवी अडकलेली. चिमट्याने ओढली आणि गन नव्यासारखी.

म्हणून उघडायच्या आधी बादलीची टेस्ट. बादलीभर कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, टाकीत तेच पाणी भरा आणि तीस-चाळीस वेळा पंप मारून बाहेर फेका. मग साध्या पाण्याने तेवढंच, नाहीतर आत फेस राहतो आणि धारेत हवा येते. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच, उकळतं पाणी ओतून टाकीचा आकार बदललेल्या गनही येतात माझ्याकडे. तुमच्या केसमध्ये तेल बाहेर काढायला हे दोनदा तरी करावं लागेल. पाणी जड असेल आणि टाकीत पांढरा थर दिसत असेल तर एक भाग व्हिनेगर तीन भाग पाणी, अर्धा तास आत ठेवायचं, मग भरपूर धुवायचं. रात्रभर ठेवू नका, आतल्या स्प्रिंगा गंजतात. हे झाल्यावर गन पाण्यात बुडवा आणि रिकामी पंप मारा, बुडबुडे जिथून येतील तिथे गळती आहे. बॅटरीवाल्या गनला ही शेवटची टेस्ट करायची नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

एवढं करून आवाज राहिला तर उघडा. आधी ट्रिगर दाबून सगळा दाब सोडा, अगदी शेवटचा थेंब येईपर्यंत, दाब असताना उघडलं तर स्प्रिंग आणि तुकडे डोळ्यावर येतात. मग एका पुठ्ठ्यावर गनचा आकार पेनने काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर तिथेच टोचून ठेवा, कारण स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात, लांब स्क्रू आखूड जागी घातला की तो आतल्या नळीला भोक पाडतो. दोन अर्धुकं वेगळी करताना गन आडवी ठेवा, वरचं अर्धुक हळू उचला, आणि काहीही हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो. ट्रिगरची स्प्रिंग कशी बसली होती हे रात्री अकरा वाजता आठवत नाही. स्क्रू काढूनही एखादी बाजू सुटत नसेल तर ती चिकटवलेली असेल, सुरी घालून फोडू नका, तिथेच थांबा.

दट्ट्या नळकांड्यातून बाहेर काढा आणि ओ-रिंग उजेडात धरून बघा. चांगली रिंग कापली तर गोल दिसेल अशी असते, बाहेरून बोट फिरवलं की गोलाई लागते. थकलेली रिंग बाहेरच्या बाजूने चपटी, चकचकीत झालेली असते, आणि बोटांत थोडी ताणून धरली की केसासारख्या भेगा उघडतात. स्विमिंग पूलच्या क्लोरीनच्या पाण्यात रोज खेळलेल्या गनची रिंग अशी लवकर कडक होते. तुमच्या रिंगच्या खाचेत मला वाटतं तपकिरी चिकट मळ दिसेल, तेच तुमचं तेल. रिंग लोखंडी टोकाने उचकटू नका, टूथपिकने काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, खाच इअरबडने पुसा, नळकांड्याच्या आतून मऊ फडकं फिरवा. मग नखाने आत चाचपून बघा, नख अडकलं तर ओरखडा खोल आहे आणि नवी रिंगही तिथे फार दिवस टिकणार नाही. नख न अडकता नुसती रेघ दिसत असेल तर चालतं.

रिंग चांगली असेल तर तीच वापरा. वंगण म्हणून सिलिकॉन ग्रीस, नळ दुरुस्तीवाले वापरतात ते पारदर्शक, काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढंच. बोटांत रिंग फिरवत लावायचं, रिंग चमकली पाहिजे पण बोटाला गोळा लागता कामा नये. जास्त लावलं की जादा ग्रीस पाण्याबरोबर झडपेत जातं. एक अपवाद आहे, रिंगच सिलिकॉन रबराची असेल, ती बऱ्याचदा मऊ आणि अर्धपारदर्शक किंवा लालसर दिसते, तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगते, तिथे ग्लिसरीनचा एक थेंब. ग्लिसरीन पाण्यात धुऊन जातं, महिन्या-दीड महिन्याने परत लावावं लागेल, पण नुकसान काही नाही.

बदलायची असेल तर जुन्या रिंगचं माप घेऊन नवी आणू नका, ती आधीच चपटी झालेली आहे. नळकांड्याचा आतला व्यास मोजा, दट्ट्याच्या खाचेच्या तळाचा व्यास मोजा, दोन्हींतला फरक निम्मा केला की रिंगला मिळणारी जागा येते. रिंगची जाडी त्यापेक्षा थोडी जास्त हवी, अशी की ती दहा-पंधरा टक्के दबेल, म्हणजे २.४ मिलिमीटरची रिंग साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर दबली पाहिजे. त्यापेक्षा घट्ट घातली तर मूठ जड आणि किंचाळणं परत सुरू, सैल घातली तर धार नाही. माझ्याकडे आलेल्या निम्म्या केसेस अशाच असतात, कोणीतरी घट्ट म्हणजे चांगली समजून जाडी रिंग कोंबलेली. आणि आज संध्याकाळीच खेळायचं असेल, रिंग मिळत नसेल, तर खाचेत जुन्या रिंगच्या खाली टेफ्लॉन टेपचा एक वेढा, फार तर दोन. जुगाड आहे, आठवडाभर चालतो, नंतर टेपचे धागे सुटून झडपेत जातात म्हणून तेवढ्यात खरी रिंग आणा.

जोडताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा, हलकेच टक् होऊन तो जुन्या आट्यात बसतो, मग सुलटा घट्ट करा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू थेट दाबून फिरवला की नवे आटे पडतात, दोन-तीनदा उघडल्यावर स्क्रू नुसतेच फिरतात आणि मग गन खडखडायला लागते, लोक परत म्हणतात पंप बिघडला. दाबाची टाकी किंवा तिची मान तडकलेली दिसली तर मात्र चिकटवू नका, झटपट गोंद कडक आणि ठिसूळ होतो, दाबाखाली तडा पुढे सरकतो. ती गन फक्त तेव्हाच टाकायची.

बॅटरीवाल्या गनबद्दल थोडं, कारण हल्ली त्याच जास्त येतात. त्यात छोटी मोटर गिअरमार्फत पंप चालवते आणि तिचा थोडा घूं-घूं आवाज कायमचाच असतो, तो मारायच्या मागे लागू नका. बारीक तार आवाज आणि पाणी नाही म्हणजे पंप कोरडा फिरतोय, लगेच बोट काढा, पाण्यानेच तो थंड आणि ओला राहतो. नियमित टिक-टिक-टिक, मोटरच्या वेगाबरोबर वाढणारी, म्हणजे गिअरचा दात गेलाय किंवा मोटरच्या शाफ्टवर दाबून बसवलेला छोटा गिअर चिरलाय, ग्रीस लावून हे बरं होत नाही, गिअरच बदलावा लागतो. आवाज जाड आणि सुस्त झाला तर आधी चार्ज करा. समुद्राचं पाणी भरलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मोटरची बेअरिंग करकरणार. आणि लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर पंपाचा विचार सोडा, ती बॅटरी वापरायचीही नाही आणि चार्जही करायची नाही.

देखभाल म्हणाल तर फार नाही. खेळून झालं की टाकी रिकामी करा, दाब सोडा, दहा-बारा वेळा कोरडा पंप मारा, झाकण उघडं ठेवून नोझल खाली करून सावलीत टांगा. उन्हात ठेवलेलं प्लॅस्टिक एक-दोन वर्षांत ठिसूळ होतं. कडाक्याची थंडी पडत असेल तर आत थेंबही नको, पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि सगळ्यात आधी झडपेचं घर फोडतं. भरताना बादलीच्या तळाचं पाणी घेऊ नका, वाळू तिथेच बसते, आणि शक्य असेल तर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा भरायच्या तोंडावर धरून त्यातून पाणी ओता.

तुम्ही आज फक्त मूठ हलवून बघा आणि साबणाची बादली दोनदा करा. सुकल्यावर परत जड लागली तर सुट्टीच्या दिवशी उघडा, रिंग आणि खाच धुवून ग्रीस लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. रिंग बदलायची वेळ आली तर नळकांड्याचा आणि खाचेचा व्यास इथे लिहा, जाडी मी काढून देतो.